उन्हाळी सुट्टी आणि आकाशवाणीची दुपारची सभा

भरदुपार

मे अर्धा सरला. पोरं घरात, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि टीव्हीवर त्याच त्या मालिकांचं दळण चालू आहे. अशा दिवसांत आकाशवाणीच्या आपल्या प्रादेशिक केंद्रांनी खास उन्हाळ्यापुरतं काय करावं, यावर गप्पा मारायला हा धागा काढतोय.

ज्यांचा रेडिओशी संबंध सुटलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आकाशवाणीचा दिवस सभांमध्ये विभागलेला असतो. पहाटेची पहिली सभा, दुपारची दुसरी, संध्याकाळची तिसरी. पहिल्या सभेला हात लावू नये असं माझं मत. भक्तिगीतं, चिंतन, पुण्याहून सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या, हे ज्यांना हवं असतं त्यांना ते बारा महिने हवं असतं. तिसऱ्या सभेत शेतीचं आणि बातम्यांचं ठरलेलं काम असतं. प्रश्न दुसऱ्या सभेचा आहे. डिसेंबरात दुपारी दोन वाजता ज्या घरात एखादी आजीच असते, त्या घरात मे महिन्यात मामेभाऊ, आतेबहिणी, कैऱ्या आणि पत्त्यांचा डाव असतो. शेतातलं कामही ढिलं पडलेलं असतं. म्हणजे ऐकणारी माणसं बदलतात, आणि मी ऐकतो त्या केंद्रावर (नाव घेत नाही, उगाच कशाला) कार्यक्रम मात्र तोच राहतो. उन्हाळी विशेष म्हणून वाट्याला काय येतं? डॉक्टरांची उष्माघातावर मुलाखत, पन्ह्याची पाककृती आणि रविवारी एखाद्या शिबिरातल्या मुलांची समूहगीतं. यात वाईट काही नाही, पण सगळं सुटं सुटं. आज ऐकलं नाही तरी उद्या काही बिघडत नाही.

मला हवी आहे मालिका. १ मे ते पावसाचं बस्तान बसेपर्यंत, रोज, एकाच वेळी, पुढं सरकणारी. 'उद्या काय?' असं वाटायला लावणारी.

हे काही स्वप्नरंजन नव्हे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, म्हणजे चैत्राच्या उन्हातच, त्यांनी 'गीतरामायण' सुरू केलं. दर आठवड्याला गदिमांचं नवं गीत आणि बाबूजींची नवी चाल. एका रामनवमीपासून दुसरीपर्यंत न्यायचं ठरलेलं, त्यात १९५५ ला अधिक महिना आला, म्हणून बावन्नाची छप्पन्न गीतं झाली. आज आपण त्याकडे देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं बघतो, पण मुळात तो एका नव्या केंद्राचा साप्ताहिक कार्यक्रम होता. वेळापत्रकात बसवलेला, तारखेला तयार करून द्यावा लागणारा.

बोला.

पानसुपारी

छान धागा. पण खरं सांगू का, आता रेडिओ ऐकतं कोण? घरातला रेडिओ माळ्यावर, मोबाइलमधला एफएम कंपन्यांनीच काढून टाकला. पोरांना दीड मिनिटाच्या वर काही ऐकवत नाही. मालिका काढून कोणासाठी?

बाजेवरून

भरदुपार भाऊ, धागा लाख मोलाचा, पण वेळ चुकली न तुमची. तुमच्याकडे दुपारी लोक रेडिओ ऐकत असतील. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी दोन वाजता कूलर सुरू असतो. ओल्या ताट्या, पंपाचं पाणी, पंख्याची घरघर. तीन बाय तीनचा लोखंडी डबा खिडकीत गर्जत असताना रेडिओवर कोण काय बोलून राहिलं, बाजूला बसलेल्यालेही ऐकू येत नाही. पंचेचाळीसच्या वर पारा गेला की माणूस ऐकतही नाही अन् बोलतही नाही, पडून राहतो.

आमची वेळ म्हणजे रात्री साडेनऊनंतर. जेवणं झाली, अंगणात नाहीतर गच्चीवर बाजा टाकल्या, पाणी शिंपडलं, लाइट बंद. तेव्हा नागपूर केंद्र लावा, ५८५ किलोहर्ट्झ, अन् श्रुतिका असू द्या. १९४८ पासूनचं केंद्र आहे ते, या सवयी त्यांना माहीत नसतील असं नाही. आणखी एक: विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मालिका '१५ जूनला समाप्त' केली तर आमची पोरं शेवटचे पंधरा दिवस काय करतील?

भरदुपार

कूलरचा मुद्दा बिनतोड. मान्य. मग दुपारी मूळ प्रसारण आणि रात्री तेच पुन्हा? एकाच ध्वनिमुद्रणाला दोन वेळा मिळाल्या तर केंद्राचंही ओझं वाढत नाही.

पानसुपारी, पोरांना ऐकवत नाही म्हणता, पण हीच पोरं रात्री दिवे गेले की भुताच्या गोष्टी तासभर ऐकतात. सांगणारा बरा हवा.

मध्यमलहरी

रात्रीच्या प्रसारणावर थोडं तांत्रिक. आपली बरीचशी जुनी केंद्रं मध्यम लहरींवर आहेत: पुणे ७९२, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, सांगली १२५१, जळगाव ९६३, परभणी १३०५, छत्रपती संभाजीनगर १५२१ किलोहर्ट्झ. दिवसा या लहरी जमिनीला धरून जातात, कारण वर आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित पट्ट्यातला) सगळ्यात खालचा थर आकाशाकडे गेलेल्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. म्हणून रात्री लांबचं केंद्र लागतं, आणि म्हणूनच जवळच्या केंद्रावर भलतंच कोणी येऊन बसतं. आवाज लाटेसारखा वर-खाली होतो तोही त्यामुळेच. नाटकात नेमकं खुनी कोण हे सांगताना आवाज बुडाला तर श्रोता शिव्या घालेल!

उन्हाळ्यात त्यात वळवाची भर. वीज चमकली की मध्यम लहरींवर 'खर्रर्र' असा फटकारा येतो. गडगडाट कानावर येण्याच्या कितीतरी आधी, आभाळ डोक्यावर निरभ्र असतानासुद्धा. आमच्या घरी वाळवणं गच्चीवर असली की माझी आई रेडिओ लावून ठेवायची. खरखर वाढली की कुरडया आत. हवामान खात्याला याचं श्रेय मिळालं नाही.

ज्यांच्याकडे नुसती घुंऽऽ ऐकू येते त्यांनी केंद्राला दोष देण्याआधी मोबाइलचा चार्जर आणि स्वस्तातला एलईडी दिवा बंद करून बघा. आणि संच जागच्या जागी फिरवा. आतला अँटेना म्हणजे फेराइटची कांडी असते, ती केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज भरतो, टोक केंद्राकडे झालं की पडतो. एरियल वर ओढून काही होत नाही, ती एफएम आणि लघुलहरींसाठी.

पानसुपारी

चार्जर काढला. च्यायला, खरंच लागलं केंद्र. शेतकऱ्यांसाठी काहीतरी चालू आहे.

लाल_दिवा

मी काही वर्षं एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होते. महिन्यातून ठरावीक ड्यूट्या, बाकी घर-संसार. वरून दिसत नाही ते सांगते.

उन्हाळ्यात केंद्रावर माणसं कमी असतात. कायमचा कर्मचारी वर्ग आधीच तुटपुंजा, निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या, त्यात मे महिन्यात रजा. तेव्हा 'उन्हाळी विशेष' चा अर्थ बऱ्याचदा 'कपाटात काय आहे ते बघा' असा होतो. भरदुपार दादांना जे सुटं सुटं वाटतं त्याचं कारण एवढं साधं आहे. रोजच्या मालिकेला रोज लिहिणारा लागतो, आणि त्याचं मानधन आधीच मंजूर करून घ्यावं लागतं. मे महिन्याची मालिका मे महिन्यात सुचून उपयोग नाही, तिचा कागद जानेवारी-फेब्रुवारीत हलायला हवा.

आता मुलांचं ध्वनिमुद्रण. खेड्यातली शाळा येते, मुलं सकाळपासून उन्हातून टेम्पोत बसून आलेली. स्टुडिओत वातानुकूलन यंत्रांसाठी म्हणून कडक ठेवलेलं असतं, त्यात ती घामेजलेली पोरं कुडकुडायला लागतात. काचेपलीकडे बाई उभ्या, ओठ हलवून पुढचं वाक्य सांगणाऱ्या, आणि मूल मायक्रोफोनकडे न बघता बाईंकडे बघतं, म्हणजे आवाज गेला बाजूला. खुर्ची उंच, पाय लोंबकळतात, बुटाचं टोक टेबलाला लागतं. ठक्, ठक्. आम्ही आधी बूट काढायला लावायचो. कागदाच्या टाचण्या काढायच्या, पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. 'प' आणि 'फ' ची फुंकर थेट बसू नये म्हणून तोंडासमोर न धरता किंचित तिरकं बोलायचं. हे सगळं शिकवून होईपर्यंत मूल इतकं शहाणं होतं की पाठ केलेल्या भाषणासारखं बोलायला लागतं: 'नमस्कार बालमित्रांनो...'

सगळ्यात छान जे मिळालं ते ध्वनिमुद्रण झालं असं समजून मुलं उठली तेव्हा. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा विझलेला, पण आमच्या अभियंत्यांनी यंत्र मुद्दाम चालू ठेवलेलं. एका मुलाने दुसऱ्याला विचारलं, 'आपण आता बोललो ते कुठं गेलं?' त्यावर पाच-सहा जणांचं जे भांडण जुंपलं, तारेतून गेलं, हवेत गेलं, अजून खोलीतच आहे, ते आम्ही जसंच्या तसं लावलं. मुलांच्या पालकांना विचारून, हे सांगायला नको.

तेव्हा माझं म्हणणं, मुलांना स्टुडिओत आणू नका. मायक्रोफोन त्यांच्या ओसरीवर न्या. मागे कोंबडा आरवला तर आरवू दे.

झेला

लाल_दिवा ताई, कोंबड्याला अनुमोदन.

कोकणातून लिहितोय. मे महिन्यात आमची लोकसंख्याच वेगळी असते. चाकरमानी आलेले, प्रत्येक घरात मुंबईची पोरं. आमच्याकडे रत्नागिरी केंद्र, ११४३. दुपारी पडवीत ऐकणारे दोन गट असतात: बागवाले आणि पाहुणे. बागायतदाराला मे महिन्यात नाटक नको असतं, त्याला हवं असतं की अवकाळी शिंतोडे पडले तर आता फळ उतरवू की थांबू, झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) देठासकट काढलेल्या आंब्याची अढी (पिकवायला गवतात रचलेली रास) कशी लावू, साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) धरला असेल तर वरून कळतो का (नाही कळत, कापल्यावरच कळतं, हेच तर रडगाणं). दापोलीच्या कृषी विद्यापीठातली माणसं येऊन बोलतात तेव्हा लोक कान देऊन ऐकतात, फक्त ते 'प्रादुर्भाव', 'व्यवस्थापन' कमी करून बोलले तर बरं.

मग १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. हात कामात आणि कान मोकळे, असे एकसष्ट दिवस. यापेक्षा चांगला श्रोता कुठल्या रेडिओला मिळणार? जाळी विणणाऱ्यांसाठी म्हणून मालिका करा, तीही त्यांच्यातल्याच कोणीतरी सांगितलेली. वाऱ्यांची नावं, खडपांची नावं, कुठल्या अमावस्येला कुठली मासळी. मुंबईची पोरं त्याच पडवीत बसलेली असतातच.

सोयाबीनवाला

मराठवाड्यातून. मनोरंजन राहू द्या बाजूला, आम्हाला मेचे शेवटचे दोन आठवडे महत्त्वाचे. घरचं बियाणं वापरायचं तर उगवण तपासावी लागते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी मारत राहायचं, आठवड्याभरात उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर नेहमीप्रमाणे पेरा, कमी आले तर त्या मानानं बियाणं वाढवा. हे दरवर्षी सांगतात, पण एका दमात बीजप्रक्रिया, खत, तणनाशक, पीकविमा सगळं सांगून मोकळे होतात. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काही राहत नाही.

मालिका करायची तर अशी करा: सोमवारी सांगा 'आज शंभर दाणे मोजून गोणपाटात ठेवा'. मंगळवारी 'पाणी मारलं का?'. पुढच्या सोमवारी 'आता उघडा', आणि चार गावांतल्या लोकांना फोन लावून विचारा तुमचे किती आले. आख्खा तालुका एकाच वेळी गोणपाट उलगडतोय, यापेक्षा 'उद्या काय' कुठल्या नाटकात असेल?

तसंच पावसाचं. '७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका' म्हणतात. मिलिमीटर मोजायचं कशानं ते सांगा की! सरळ कडांचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि आत शाळेची पट्टी बुडवायची, झालं. हे काम पोरांना द्या, त्यांचे आकडे रेडिओवर वाचा. सुट्टीतलं पोरगं रोज सकाळी उठून डबा बघेल आणि संध्याकाळी स्वतःच्या गावाचं नाव ऐकायला रेडिओपुढं बसेल.

भरदुपार

सोयाबीनवाले, तुम्ही माझा धागा पळवलात आणि मला आनंद आहे. मी नाटक-कादंबरीच्या चौकटीत अडकलो होतो. हे गोणपाट म्हणजे अस्सल मालिका.

उत्तरध्रुव

स्वीडनमध्ये राहते, म्हणून जरा लांबचं उदाहरण. इथल्या सार्वजनिक रेडिओच्या पी-वन वाहिनीवर 'सोम्मार' नावाचा कार्यक्रम १९५९ पासून दर उन्हाळ्यात चालतो. जूनअखेरीस सुरू, ऑगस्टच्या मध्यापर्यंत. रोज दुपारी एक वाजता. दरवेळी एक नवा पाहुणा, साधारण दीड तास, बरोबर कोणी मुलाखतकार नाही. तो स्वतःबद्दल जे सांगायचं ते सांगतो आणि मध्ये स्वतः निवडलेली गाणी लावतो. बस्स. पाहुण्यांची यादी आधी जाहीर होते, त्या दिवशी ती इथल्या वर्तमानपत्रांत मोठी बातमी असते. लेखक, खेळाडू, शास्त्रज्ञ, राजकारणी सगळे असतात, आणि एक पाहुणा श्रोत्यांनी मतदान करून निवडलेला असतो.

राष्ट्रीय वाहिनी आहे, आपल्या केंद्रांपेक्षा पैसाही जास्त. पण खर्च कशात आहे बघा: एक माणूस, एक मायक्रोफोन, आणि आधीचे काही आठवडे त्याच्या मजकुरावर बसणारा निर्माता. तो निर्माताच सगळं करतो. नुसतं 'या, बोला' म्हटलं तर माणूस दहा मिनिटांत संपतो.

पॉडकास्टला गेलं की हक्कांच्या भानगडीमुळे गाणी आखूड होतात. त्यामुळे पूर्ण मजा रेडिओवरच. आपल्याकडे हे व्हावं, आणि पाहुणे सिनेमातले नसावेत.

पानसुपारी

सिनेमातले का नसावेत? एक तरी ओळखीचं नाव हवं, नाहीतर पहिल्या दिवशी ऐकणार कोण.

उत्तरध्रुव

पहिल्या दिवशी घ्या एखादं. सगळे दिवस नको. तीच माणसं त्याच गोष्टी दहा ठिकाणी सांगून चुकलेली असतात. एसटीचा घाटातला चालक, लाइनमन, पस्तीस वर्षं एकाच गावात बाळंतपणं केलेली नर्स... यांना कोणी दीड तास दिलाय कधी?

बाजेवरून

लाइनमन पहिला. मे महिन्यात रात्री लाइट गेली की आमच्या गच्च्यांवरून त्यालेच शिव्या पडतात. त्याचीही बाजू ऐकू द्या.

जुनापुराणा

मुंबई केंद्राची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. 'पुन्हा प्रपंच'. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. तीन आवाज, एक घर. विषय आदल्या दिवशीच्या बाजारातला: रॉकेल, रेशन, बसची रांग. लोक त्या तिघांना नातेवाईक समजायचे. तेव्हा 'मालिकेला मोठा संच लागतो' हे कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लेखणी लागते, ताई म्हणाल्या तसं. ती विकत मिळत नाही, पण तिचे पैसे वेळेवर दिले तर टिकते.

अवांतर: दूरध्वनीवरून फर्माइशी घेणं म्हणजे संवाद, हा समज कोणीतरी दूर करा. 'आपलं नाव काय, काय करता, कोणतं गाणं ऐकणार' हा काय संवाद झाला!

नवीनच_आलोय

अ‍ॅपवर ऐकलं तर चालेल ना? न्यूज ऑन एअर मध्ये सगळी केंद्रं दिसतायत. पुण्यात बसून रत्नागिरी ऐकलं आत्ताच.

मध्यमलहरी

चालेल, आवाज स्वच्छ. फक्त अ‍ॅपमधला आवाज मागून येतो, वेळेचे ठोके ऐकून घड्याळ लावू नका. घरात छतावर डीडी फ्री डिश असेल तर तिच्यावरही आकाशवाणीच्या वाहिन्या आहेत, तिथे डेटा जात नाही. पण झेला म्हणाले त्या होडीपाशी आणि सोयाबीनवाल्यांच्या बांधावर सेलचा रेडिओच. रेंज गेली, लाइट गेली तरी चालतो. मध्यम लहरी बंद करून सगळं अ‍ॅपवर न्यावं असं म्हणणाऱ्यांनी वादळाच्या आदल्या रात्री किनाऱ्यावर राहून बघावं.

पानसुपारी

वादळात मोबाइलही चालतो हो बऱ्याचदा. उगाच भावनिक होऊ नका. माझ्या भाच्याला रेडिओ घेऊन दिला तर तो सेल काढून रिमोटला घालेल. मुलांपर्यंत पोचायचं तर दुपारचं प्रसारण संध्याकाळपर्यंत भागाभागानं नेटवर चढलं पाहिजे, नावानिशी, शोधता येईल असं. थेट प्रसारण चुकलं की संपलं, हे आता चालणार नाही.

लाल_दिवा

पानसुपारींशी यावर सहमत. आणि त्यासाठी गाणी शक्यतो केंद्राच्या स्वतःच्या संग्रहातली वापरावीत. प्रत्येक जुन्या केंद्राकडे लोकसंगीताची, नाट्यसंगीताची, ओव्यांची स्वतः ध्वनिमुद्रित केलेली फितींची कपाटं आहेत. सिनेमाची गाणी घातली की नेटवर टाकताना तीच हक्कांची अडचण येणार. कपाट उघडायला लावणारा कार्यक्रम हवा. जात्यावरच्या ओव्या दुपारी दोन वाजता लावून बघा, कूलरशेजारीसुद्धा कोणीतरी कान देईल.

भरदुपार

ताईंच्या हिशेबानं या वर्षीची गाडी चुकलीच आहे. तर पुढच्या मेसाठी पत्र आत्ता तयार करू आणि जानेवारी उजाडायच्या आत आपापल्या केंद्राच्या कार्यक्रमप्रमुखांकडे पाठवू. पत्र पोस्टानं, ईमेल नको. पत्राला आवक क्रमांक पडतो. मसुद्यात चारच गोष्टी घेतोय: गोणपाट आणि पावसाचा डबा, जाळी विणणाऱ्यांची मालिका, दीड तासाचा एकटा पाहुणा, आणि रात्री पुनःप्रसारण. मुलांना स्टुडिओत न बोलावण्याचं वाक्य ताईंनी लिहून द्यावं. 'गीतरामायणा'चा उल्लेख पत्रातून काढतोय, ते वाचून अधिकारी हात जोडतात आणि फाइल बंद करतात.

सोयाबीनवाला

डब्याच्या कडा सरळच हव्यात हे ठळक लिहा. तुपाच्या डब्याचं तोंड निमुळतं असतं, आकडा चुकतो.

झेला

रत्नागिरीचं पत्र माझ्याकडे लागलं. आंबा संपू दे, मग लिहितो.

नवीनच_आलोय

मध्यमलहरी काका, आजोबांचा रेडिओ माळ्यावरून काढला. मागे सेल फुटून पांढरं-हिरवं काहीतरी जमलंय. साफ होईल का, की टाकायचा?

मध्यमलहरी

टाकू नका. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, मग साध्या ओल्या फडक्यानं, पूर्ण वाळू द्या. हात धुवा. स्प्रिंग गंजून तुटली असेल तर दुकानात मिळते. आणि नवे सेल घातल्यावर दिवाळीला बाहेर काढायचे, आत ठेवायचे नाहीत.